विजेतून वाचलेल्यांच्या डोळ्यांचा पडदा वेळेत पाहा : आरोग्य आणि मदत व पुनर्वसन विभागांना खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग,
मा. सचिव, मदत व पुनर्वसन विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : वीज अंगावर पडून वाचलेल्या प्रत्येक व्यक्तीच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याची वेळेत तपासणी व छायाचित्र-नोंद करण्याबाबत

महोदय / महोदया,

मी मराठवाड्यात एका तालुक्याच्या गावी डोळ्यांचा दवाखाना चालवते. सरकारी नेत्र शिबिरांना बोलावले की जाते. आपल्या टेबलावर पत्रांचा ढीग असतो याची कल्पना आहे, म्हणून मागणी आधीच लिहून टाकते. अंगावरून वीज गेलेला माणूस जिवंत दवाखान्यात पोचला, की प्रकृती स्थिरावल्यावर पहिल्या आठवड्याच्या आत त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा, म्हणजे रेटिनाचा, फोटो काढला जावा. जिथे सोय आहे तिथे ओसीटी स्कॅन, म्हणजे पडद्याचे थर उभ्या छेदात दाखवणारी तपासणी, व्हावा. ही नोंद त्याच्या केसपेपरला कायमची जोडली जावी. त्याने डोळ्यांची तक्रार केलेली असो वा नसो. सुरुवात करायला आपल्या दोन विभागांचे एक परिपत्रक पुरेल. ते का हवे, हे सांगण्यासाठी पुढचा मजकूर.

वीज पडून गेलेल्यांची मोजदाद होते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी ब्युरोच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात 2,887 माणसे विजेने गेली. निसर्गाच्या प्रकोपाने त्या वर्षी 8,060 मृत्यू झाले, त्यातला एक तृतीयांशाहून मोठा वाटा एकट्या विजेचा. पूर, दरड, उष्माघात, थंडी, कशानेच एवढी माणसे गेली नाहीत. पण विजेच्या तडाख्यात सापडलेला प्रत्येक जण मरत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या म्हणण्याप्रमाणे दहातले नऊ जण वाचतात. आपल्याकडे शेत उघडे, दवाखाना लांब, तेव्हा इतके चांगले प्रमाण नसेल. तरीही वळवाच्या दिवसांत आपण रोज वाचतो ती बातमी 'एक ठार, तीन जखमी' अशीच असते. त्या तीन जखमींचे पुढे काय झाले, हे दुसऱ्या दिवशी कुणी छापत नाही. त्यांच्या डोळ्यांचे वर्षभराने काय झाले याची एकत्रित नोंद तर माझ्या पाहण्यात कुठेच आलेली नाही.

वीज पडण्याआधीच्या तयारीवर आपल्या राज्यात चांगले काम झाले आहे, हे मोकळेपणाने मान्य करते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' ॲप तयार केले. आपण उभे आहोत तिथून 20 ते 40 किलोमीटरच्या टापूतल्या विजांचा इशारा ते देते. आमच्या भागातली तरुण पोरे ते बघून बैल सोडतात आणि घराकडे वळतात. केंद्राच्या राष्ट्रीय आपत्तींच्या यादीत वीज नसतानाही महाराष्ट्राने ती राज्याची आपत्ती मानली आणि मृतांच्या वारसांना 4 लाखांच्या मदतीची वाट मोकळी केली. इशारा आहे, मृत्यूनंतरची मदतही आहे. या दोन्हींच्या मध्ये जो वाचतो, त्याच्यासाठी मात्र 'एक दिवस ठेवा, ईसीजी करा, घरी सोडा' यापलीकडे ठरलेले काही नाही.

विजेने डोळ्यांना नेमके काय होते, ते आधी सांगते. वीज थेट डोक्यात पडण्याचे प्रसंग थोडे. बहुतेकांना ती जमिनीतून लागते. जवळ पडलेली वीज जमिनीत पसरते, एका पायातून चढते आणि दुसऱ्यातून उतरते. काहींना झाडावरून किंवा खांबावरून बाजूला उडालेला झोत लागतो. झाडाखाली थांबू नका असे जीव तोडून सांगतात ते याचसाठी. प्रवाह 30,000 अँपिअरच्या घरातला, पण टिकतो सेकंदाचा अगदी बारीक अंश, आणि त्यातला बराचसा ओल्या कपड्यांवरून, कातडीवरून वाहून जातो. माणूस वाचतो तो म्हणून. मात्र डोके त्या वाटेत आले तर कान आणि डोळे सापडतात. कानाचा पडदा फाटला तर कानातून रक्त येते, माणूस 'ऐकायला येईना' म्हणतो आणि कुणीतरी कान बघते. डोळा बाहेरून अगदी धड दिसतो.

आत मात्र बरेच काही झालेले असू शकते. बुबुळावर पांढरट डाग, आत सूज, पडद्यावर रक्तस्राव, पडदा सुटणे, डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला इजा. आणि सगळ्यांत जास्त नोंदला गेलेला प्रकार म्हणजे मोतीबिंदू. विजेने मोतीबिंदू होतो हे वैद्यकाला नवे नाही. फ्रान्समधल्या सँ-ईव्ह या नेत्रवैद्याने 1722 मध्येच ते लिहून ठेवले आहे. (लांबवरची वीज चमकताना पाहिली, डोळ्यांना काही होईल का, अशी विचारणा दर पावसाळ्यात मला होते. लांबच्या चकाकीने डोळे दिपतात आणि थोड्या वेळाने पूर्ववत होतात. मी लिहिते आहे ते ज्यांच्या अंगातून किंवा अंगावरून प्रवाह गेला त्यांच्याबद्दल.)

हा मोतीबिंदू घटनेच्या दिवशी क्वचितच दिसतो. काहींना थोड्या दिवसांत होतो, बऱ्याच जणांना काही महिन्यांनी, कुणाला दीड-दोन वर्षांनीही. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, बघितले तर डोळ्यातल्या भिंगाच्या पुढच्या आवरणाखाली आधी बारीक बुडबुडे दिसतात. मग त्यांच्या जागी पांढरे ठिपके येतात, आणि ते वाढत वाढत एकमेकांना मिळतात. पंचविशीतल्या बाईला, जिला ना मधुमेह ना डोळ्याला मार, असा मोतीबिंदू दिसला की मी पहिला प्रश्न विचारते, 'कधी वीज लागली होती का?' विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. दोन गोष्टींचा संबंध असेल असे त्यांच्या मनातही येत नाही.

आता माझ्या मागणीचा गाभा. मोतीबिंदू म्हणजे खिडकीची काच धुरकट होणे. खोलीत काय आहे ते पाहायचे तर काच धुरकट व्हायच्या आधी पाहावे लागते. विजेच्या रुग्णाच्या भिंगालाही इजा होते आणि मागच्या पडद्यालाही होऊ शकते. भिंगाची इजा उशिरा दिसते, पडद्याची लवकर. पहिल्या आठवड्यात भिंग बहुधा स्वच्छ असते, आणि त्यातून पडद्याचा उत्तम फोटो मिळतो. चार महिन्यांनी रुग्ण 'धूसर दिसतंय' म्हणून येतो तेव्हा भिंग पांढरे झालेले असते, फोटो पुसट येतो, ओसीटीला सिग्नल मिळत नाही. फार दाट मोतीबिंदू असेल तर आम्ही सोनोग्राफी करतो, पण तिच्यात पडदा जागेवर आहे की सुटला आहे एवढेच कळते, मध्यबिंदूतली बारीक इजा तिला दिसत नाही. मग मोतीबिंदूचे ऑपरेशन होते, पट्टी निघते, आणि माणूस म्हणतो, 'मॅडम, उजेड आला, पण मधलं दिसत नाही.' त्या क्षणी डॉक्टरकडे सांगण्यासारखे काही नसते. हे विजेने झाले, नंतर झाले, की ऑपरेशनमुळे झाले? घरच्यांचा संशय बहुतेक वेळा ऑपरेशनवरच जातो.

मध्यबिंदू म्हणजे पडद्याचा तो छोटासा भाग, ज्याला आम्ही मॅक्युला म्हणतो. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे हे सगळे त्याच्यावर. वीज नेमकी तिथेच का इजा करते, याचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते की पडद्याच्या मागे रंगद्रव्याच्या पेशींचा थर असतो, त्यातले मेलॅनिन विजेला अडथळा करते, आणि अडथळ्यापाशी उष्णता तयार होते. हा थर मध्यबिंदूपाशी सर्वांत दाट असतो. तिथे सूज येते, पाणी भरलेल्या बारीक पोकळ्या होतात, कधी आरपार छिद्र पडते. काही रुग्णांत ही सूज काही आठवड्यांत आपोआप उतरते आणि नजर परत येते. काहींत छिद्र किंवा व्रण राहून जातो. कुणाचे काय होणार, हे पहिला स्कॅन आणि नंतरचे स्कॅन शेजारी ठेवल्याशिवाय समजत नाही.

ओसीटीचे तंत्र 1991 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या गटाने जगापुढे मांडले. त्यात सुई नाही, क्ष-किरण नाहीत, डोळ्याला स्पर्शही नाही. रुग्ण हनुवटी टेकवतो, एका ठिपक्याकडे बघतो, काही सेकंद पापणी लववत नाही, झाले. मॅक्युलाची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. ओसीटी तिचे थर काही मायक्रॉनच्या बारकाईने उभ्या छेदात दाखवते. निरोगी डोळ्याच्या स्कॅनमध्ये मधोमध एक उथळ खळगा दिसतो, आणि त्याच्या तळाखालून पांढऱ्या रेघा एकीखाली एक, सलग, डावीकडून उजवीकडे जातात. विजेच्या एका रुग्णाच्या स्कॅनमध्ये मी पाहिले ते असे. खळगा जागेवर होता. त्याच्या तळाशी प्रकाश टिपणाऱ्या पेशींची रेघ नेमकी मध्यावर तुटलेली, तुटलेल्या जागी काळी फट, आणि फटीच्या दोन्ही कडांना रेघ किंचित उचललेली. साध्या फोटोत त्याच जागी फक्त एक फिकट पिवळसर ठिपका दिसत होता, घाईत नजरेतून निसटावा असा. त्या माणसाने स्वतःच्या नजरेचे वर्णन केले होते, 'दाराची चौकट दिसते, दारात कोण उभं आहे ते दिसत नाही.' त्या फटीचे याहून अचूक वर्णन मला करता आले नसते.

एका बाईची हकिगत लिहिते. तिची ओळख पटेल असे काही लिहीत नाही. दुसऱ्याच्या शेतात खुरपायला गेलेल्या चौघी. आभाळ भरून आले म्हणून बांधावरच्या कडुलिंबाखाली थांबल्या. वीज झाडावर पडली. एक जागीच गेली. ही शुद्धीवर आली तेव्हा कमरेखाली पाय नसल्यासारखे वाटत होते, ते काही तासांत सुधारले. विजेनंतर असा तात्पुरता लुळेपणा येतो. कान गच्च झालेले. दवाखान्यात एक रात्र ठेवून तिला सोडले. डिस्चार्ज कार्डावर 'वीज पडल्याचा इतिहास, प्रकृती स्थिर' एवढी एकच ओळ. डोळ्यांबद्दल अक्षर नाही. सोयाबीनची काढणी संपली तोवर तिला दोन्ही डोळ्यांनी धुके दिसायला लागले. शिबिरात मोतीबिंदू सापडला, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशने नीट झाली. डावा डोळा 6/9 पर्यंत, म्हणजे जवळजवळ धड नजरेपर्यंत आला. उजवा 6/60 वर अडला, म्हणजे धड डोळ्याला 60 मीटरवरून दिसते ते त्याला 6 मीटरवरून दिसते. माझ्याकडे आली तेव्हा ओसीटीत उजव्या मॅक्युलाला आरपार छिद्र होते, आणि त्याच्या कडा पाहता ते जुने वाटत होते. 'वाटत होते' यापुढे मी लेखी काही देऊ शकत नव्हते, कारण घटनेनंतरचा एकही फोटो कुठेही नव्हता. मॅक्युलाच्या छिद्रावर शस्त्रक्रिया होते, पण छिद्र जितके जुने तितकी नजर परत यायची आशा कमी. मोतीबिंदू व्हायच्या आधी ते सापडले असते तर तिला निदान त्या शस्त्रक्रियेची वेळेवर संधी मिळाली असती.

मग तिचा कागदांचा प्रवास सुरू झाला. मदत व पुनर्वसन विभागाने पुढचा भाग कृपया बारकाईने वाचावा.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे 2022 ते 2026 साठीचे निकष सांगतात की आपत्तीत हातपाय किंवा डोळा गमावल्यास, अपंगत्व 40 ते 60 टक्के असेल तर 74,000 रुपये, 60 टक्क्यांहून अधिक असेल तर अडीच लाख. अट एवढीच की अपंगत्व किती आणि कशामुळे, हे दोन्ही सरकारी डॉक्टरने प्रमाणित करावे. वाचायला न्याय्य वाटते. आता दृष्टिदोषाच्या मूल्यमापनाचे केंद्राचे कोष्टक शेजारी ठेवा. एक डोळा 6/18 किंवा त्याहून चांगला असेल आणि दुसरा 6/24 ते 6/60 मध्ये असेल, तर अपंगत्व 10 टक्के. दुसरा डोळा 3/60 पर्यंत घसरला तर 20 टक्के. दुसऱ्या डोळ्यातला उजेडसुद्धा गेला तरी 30 टक्के. म्हणजे विजेने एक डोळा संपूर्ण गमावलेला माणूस निकषात लिहिलेल्या 'डोळा गमावल्यास' या ओळीपर्यंत पोचूच शकत नाही. या बाईला 10 टक्क्यांचे प्रमाणपत्र मिळाले. 'कशामुळे' या रकान्यात 'वीज' लिहायला कुणी धजावले नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. पुराव्याचा कागद नसताना सही कोण करणार?

शेतकऱ्याला आणखी एक दार आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत वीज पडणे हा अपघात धरला आहे, आणि एक डोळा कायमचा निकामी झाल्यास 1 लाख रुपये मिळतात. टक्केवारीच्या कोष्टकात न अडकता एक डोळा हे नुकसान आहे, असे या योजनेने मानले, त्याबद्दल ती आखणाऱ्यांचे मनापासून कौतुक वाटते. पण ती सातबाऱ्यावर नाव असलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरातल्या एकासाठी. खुरपायला, सोयाबीन काढायला, कापूस वेचायला, ऊस तोडायला दुसऱ्याच्या रानात गेलेल्या भूमिहीन बाईचे नाव सातबाऱ्यावर कुठून येणार? आभाळ भरून आले की शेताचा मालक मोटारसायकलवर घरी पोचतो. बांधावरच्या झाडाखाली थांबतो तो मजूर.

म्हणून मदत व पुनर्वसन विभागाला विनंती आहे की वीज ही राज्याची आपत्ती मानलीच आहे, तर तिच्यात एक डोळा निकामी झालेल्यासाठी राज्याने आपल्या निधीतून वेगळी तरतूद करावी. तिला 40 टक्क्यांची पायरी लावू नये आणि सातबाराही मागू नये. कुठल्याही दाव्याची मुदत डोळ्याच्या बाबतीत अपघाताच्या तारखेपासून न मोजता निदानाच्या तारखेपासून मोजावी, कारण हा आजारच उशिरा प्रकटतो. आणि पंचनाम्यात मृत व्यक्ती, मृत जनावरे, घराचे नुकसान यांच्याबरोबर त्या वेळी जवळपास असलेल्या, हादरा बसलेल्या प्रत्येकाचे नाव यावे. तलाठी घटनास्थळी जातोच. गेलेल्या बैलाची नोंद होते आणि बैलाशेजारी उभ्या असलेल्या, थोडा वेळ बेशुद्ध पडून उठलेल्या गड्याची होत नाही. दोन वर्षांनी तो गडी विजेचे नाव काढतो तेव्हा तो तिथे होता हेच त्याला सिद्ध करता येत नाही.

आरोग्य विभागाकडून काय हवे, ते मी यंत्रणेच्या आवाक्यातलेच मागते. प्राथमिक आरोग्य केंद्रात नजरेचा तक्ता आणि टॉर्च असतो. एकेक डोळा झाकून वाचायला लावणे आणि लिहून ठेवणे हे पहिल्याच दिवशी होऊ शकते, रुग्ण शुद्धीवर आणि बोलता असेल तर. पडद्याच्या फोटोसाठी मधुमेही रुग्णांकरिता घेतलेले फंडस कॅमेरे जिथे असतील तिथे वापरावेत. जिथे नाहीत तिथे 20 डायॉप्टरचे भिंग आणि साधा स्मार्टफोन यांवर शिकलेला हात कामापुरता चांगला फोटो काढतो. तो फोटो टेलिमेडिसिनवर जिल्ह्याच्या नेत्रतज्ज्ञाला त्याच दिवशी दाखवता येतो. ओसीटी यंत्र महाग आहे आणि ते प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात ठेवा असे मी म्हणत नाही. वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्र विभागात आठवड्यातून एक ठरलेला दिवस विजेच्या रुग्णांसाठी राखून ठेवला आणि जाण्या-येण्याचे भाडे दिले तरी भागेल. भाड्याचा मुद्दा फुटकळ समजू नये. आमच्या भागातून वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन यायचे म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज बुडतो, सोबत येणाऱ्याचा दुसरा, वर एसटीचे तिकीट. 'मला तर नीट दिसतंय' असे वाटत असताना हा खर्च कुणीही करणार नाही.

एक काळजी घ्यावी लागेल, ती परिपत्रकातच यावी. ताज्या रुग्णाच्या डोळ्यात बाहुली मोठी करणारे थेंब फिजिशियनला विचारल्याशिवाय घालू नयेत. डोक्याला मार असेल तर बाहुल्यांवरूनच मेंदूची स्थिती पाहिली जाते. पहिले एक-दोन दिवस थेंबांशिवाय जेवढा फोटो येईल तेवढा घ्यावा, पुरा पडदा नंतर पाहावा. पुढच्या तपासण्या दीड महिना, तीन महिने, सहा महिने, एक वर्ष आणि दोन वर्षे अशा असाव्यात, असे मी सुचवते. तज्ज्ञांच्या समितीला यात बदल करावासा वाटला तर जरूर करावा, पण वेळापत्रक लेखी असावे आणि ते आशा ताईंच्या वहीपर्यंत पोचावे. रुग्णाच्या घरापर्यंत त्याच जातात.

बाहुल्यांचा विषय निघाला आहे तर जिवाशी संबंध असलेली एक गोष्ट. वीज लागलेल्या माणसाच्या बाहुल्या कधी कधी पूर्ण विस्फारलेल्या आणि टॉर्चला दाद न देणाऱ्या असतात. मज्जासंस्थेला बसलेल्या तात्पुरत्या धक्क्यानेही हे होते. या रुग्णांत ती मृत्यूची खूण धरू नये. तसेच, विजेत एकाच वेळी अनेक जण सापडले तर निपचित पडलेल्यांकडे आधी जायचे असते. विव्हळणारे बहुधा वाचतात. निपचित पडलेल्याचे हृदय किंवा श्वास थांबलेला असतो, आणि लगेच छाती दाबून, तोंडाने श्वास देऊन तो परत येऊ शकतो. 108 च्या कर्मचाऱ्यांना, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नवीन डॉक्टरांना आणि पोलीस पाटलांना हे दर वर्षी मृगाच्या आधी सांगितले जावे. वीज लागलेल्याला हात लावला तर आपल्यालाही झटका बसतो, ही समजूत अजून घट्ट आहे. त्या माणसाच्या अंगात वीज शिल्लक राहत नाही. त्याला लगेच हात लावावा.

समजुतींवर आणखी थोडे लिहिते. पायाळू माणसावर वीज पडते, असे आपल्याकडे म्हणतात. विजेतून वाचलेल्या एका मुलाला घरच्यांनी पुढे सगळा पावसाळा रानात जाऊ दिले नाही, आणि शाळेतही तो 'वीज ओढतो' म्हणून पोरे लांब बसायची. त्याला मधले अक्षर दिसत नव्हते, म्हणून फळ्यावरचे तो चुकीचे उतरवत होता. मास्तरांना वाटले भेदरला आहे. जन्म पायाकडून होण्याचा आणि विजेचा काहीही संबंध नाही, हे डॉक्टरने दवाखान्यात, सगळ्या नातलगांसमोर, मोठ्याने सांगायला हवे. मी सांगते. आपल्या माहितीपत्रकातही ही ओळ यावी.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. विजेच्या बहुतेक रुग्णांचे पडदे ठीकच निघतील, मग एवढी धावपळ कशाला? ठीक निघालेला फोटोही तेवढाच उपयोगाचा असतो. सहा महिन्यांनी मोतीबिंदू झाला, ऑपरेशन करायचे ठरले, तर सर्जनला आधीच कळते की मागचा पडदा तेव्हा चांगला होता, नजर चांगली यायला हवी. रुग्णाला खरे सांगता येते. नंतर पडद्यात नवा बदल दिसला तर तो कधीचा, हे तारखेनिशी कळते. दुसरा आक्षेप, मॅक्युलाच्या या इजेवर हमखास औषध कुठे आहे? खरे आहे, नाही. स्टिरॉइड देऊन पाहतात, त्याचा पक्का पुरावा नाही. पण छिद्राची शस्त्रक्रिया आहे, सुटलेल्या पडद्याची आहे, मोतीबिंदूची तर उत्तमच आहे, आणि या तिन्हींत वेळेला किंमत आहे. जिथे काहीच करता येत नाही तिथेही माणसाला आपल्या डोळ्याला काय झाले हे समजण्याचा आणि ते कागदावर मिळण्याचा हक्क आहे. शिवाय अशा नोंदी राज्यभर एकाच नमुन्यात साठत गेल्या, तर किती जणांचे पडदे आपोआप सुधारतात आणि किती जणांचे बिघडतात, हे आपल्याच रुग्णांवरून सांगता येईल. आज या विषयावर जगभर जे लिहिले जाते ते बहुतेक एकेका रुग्णाच्या हकिगतींवरच उभे आहे.

माझ्या दवाखान्यात मी विजेच्या रुग्णांसाठी एका पानाचा नमुना वापरते. घटनेची तारीख व ठिकाण, तो कुठे व कसा उभा होता, शुद्ध हरपली का, कान, दोन्ही डोळ्यांची नजर, बाहुल्या, भिंग, पडद्याचा फोटो, ओसीटी, पुढची तारीख, एवढेच त्यात आहे. तो मी दोन्ही विभागांना या पत्रासोबत पाठवते आहे. त्यात दुरुस्त्या करा, तो बाजूला ठेवून दुसरा तयार करा, माझी हरकत नाही. आमच्या तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांना भिंग आणि मोबाइलने पडद्याचा फोटो काढायला शिकवण्याची तयारी आहे, त्यासाठी मानधन नको. वळवाचा पाऊस आमच्याकडे एप्रिलमध्येच सुरू होतो, तेव्हा परिपत्रक मार्चअखेर निघाले तर येत्या हंगामातल्या पहिल्या रुग्णापासून नोंदी सुरू करता येतील.

आपली,
तालुक्याच्या गावी काम करणारी एक नेत्रतज्ज्ञ
मराठवाडा